मुक्या पट्टीचं गाणं

मी पायपेटी बोलतेय. माझ्या भात्याची शपथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. जोल्ला प्रांताच्या किनाऱ्यावरून या बेटावर मी भर वादळात, एकटीनं, पोहत आले. बरं, पोहत नाही. होडीतून, गोणपाटात गुंडाळून. वादळही नव्हतं. पण बाकी सगळं खरं.

मला आणलं तांदळांनी. इथल्या बायका भात शिजवताना रोज एक चमचा तांदूळ देवाच्या नावानं वेगळ्या मडक्यात टाकत. तो चमचा त्यांच्याच वाटीतून कमी व्हायचा. असं तीन वर्षं चाललं, ते तांदूळ विकले, तेव्हा कुठं मी चर्चमध्ये उभी राहिले.

खारट हवेनं माझी एक पट्टी पहिल्याच महिन्यात मुकी झाली. मला वाजवायची ओकबुन, नुकतीच लग्न होऊन आलेली. बाकीच्या बायका माझ्यावरूनच गाणं शिकायच्या. मुकी पट्टी आली की मी गप्प, म्हणून त्याही गप्प. तेवढ्यात श्वास घ्यायचा आणि पुढं गायचं. सगळ्या बेटाला वाटलं, गाणं असंच असतं.

ओकबुनला एकच मुलगी, मिरान. आई बांबूच्या चटयांवर समुद्री शेवाळ वाळत घालताना गायची, ते ऐकत ती वाढली. पुढं शिकायला राजधानीत, सोलला गेली आणि पहिल्याच सुट्टीत फणकारत परतली.

"अगं आई, तिथं थांबायचं नसतं! सगळे गातायत आणि मी एकटी गप्प. केवढे हसले मला!"

"हसेनात का. आपल्याकडं तिथं श्वास घेतात."

"आपल्याकडं नाही, तुझ्या त्या फुटक्या पेटीकडं!"

मला लागलं. ओकबुनला त्याहून जास्त लागलं असणार, कारण त्यानंतर मिराननं गाणंच सोडलं. चर्चलाही जाईना.

माणसं बेट सोडत गेली. शेवटी उपासनेला उरली एकटी ओकबुन, आणि पंधरवड्यातून एकदा होडीनं येणारे प्यो पाळक. एकदा त्यांनी स्तोत्रातलं वचन वाचलं : एका पिढीनं देवाची करणी पुढच्या पिढीच्या कानावर घालत राहावी, गात राहावी.

ओकबुन मध्येच म्हणाली, "पाळकसाहेब, कोणाच्या कानावर घालू? या पेटीच्या?"

"मिरानला शिकवलंत की, आजी."

"शिकवलं, पण चुकीचं. पोरीनं त्या चुकीपायी देवच सोडला. आता वर गेल्यावर हिशेब विचारला, तर काय सांगू?"

पाळकांनी पुस्तक मिटलं. ते म्हणाले, "सूप निवतंय, आजी. चला, जेवू या."

त्याच हिवाळ्यात ओकबुन गेली. चर्चला कुलूप लागलं. माझ्या भात्यात उंदरांनी घर केलं. तेही बिचारे उपाशी. तांदळाचं मडकं रिकामं होतं.

वसंतात मिरान आली, आईच्या घराची दारं बंद करायला. जाता जाता इथलंही कुलूप उघडून आत आली. केस पिकू लागलेले. माझ्यासमोर बसली, पाय मारले, आणि सगळं गाणं गायली. तिन्ही कडवी, डोळे भरून. खिडकीबाहेरचे समुद्रपक्षी हवेतल्या हवेत थांबले.

आता खोटं कुठलं ते सांगते. पक्षी थांबले नव्हते. डोळ्यांचं मला दिसलं नाही. तिनं तोंड खिडकीकडं वळवलं होतं. आणि तिन्ही कडवी ती गायलीच नाही. एकच ओळ गायली, तीही अर्धी. मुक्या पट्टीवर तिचं बोट आलं, ती थांबली आणि श्वास घेतला, अगदी ओकबुनसारखा, खांदे किंचित उचलून.

तेवढ्यात होडीचा भोंगा वाजला आणि ती उठून गेली.

तो श्वास मात्र खरा आहे. कोणाला सोलमध्ये ती भेटली, तर एवढं सांगा : पुढची अर्धी ओळ राहिलीय, भाता फाटलाय, पण पेटी जागीच आहे.