हंबीररावांचं पेव

जाधवांच्या पेवाला परक्याचा हात लागला तर कुळस्वामी कोपतो, असं जाहीर करून हंबीरराव पेवाच्या तोंडावरच्या शिळेवर मांडी ठोकून बसले. पेव म्हणजे अंगणातल्या मुरमात खणलेलं, दोन पुरुष खोल धान्याचं कोठार. आजवर ते परक्या हातांनीच भरलं आणि उपसलं गेलं होतं. त्यातले निम्मे हात समोरच्या गर्दीत उभे होते, आणि कुळस्वामी कोपल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

तासगावाहून आलेले लेव्हीचे साहेब घड्याळ बघत होते. दुसरं महायुद्ध संपलं तरी धान्याची सक्तीची वसुली संपली नव्हती. शिळेखाली जोंधळा दडवलाय, असा साहेबांचा समज होता. गावाचाही तोच होता. शिळेखाली काही नाही हे दोघांनाच ठाऊक होतं: हंबीररावांना, आणि दाराआड उभ्या असलेल्या त्यांच्या कारभारणीला, चंद्राबाईला.

दोष हंबीररावांच्या जिभेचा. गेल्या सुगीला पीक किती आलं हे चावडीवर विचारलं, तेव्हा साऱ्या गावानं निम्मं सांगितलं. हंबीररावांनी दुप्पट सांगितलं, कारण त्यांच्या लेकीला, बनूला बघायला आलेले कडेगावचे पाहुणे शेजारीच पान लावत बसले होते. पाहुण्यांनी सोयरीक पक्की केली. सरकारनं दुपटीच्या हिशेबानं लेव्ही नेली. तेव्हापासून घरात भाकरी एक वेळ झाली, आणि गेल्या पंधरवड्यात तीही फक्त बनूच्या ताटात होती. बाकी दोघांचं चिंचेच्या कोवळ्या पाल्यावर भागत होतं.

"उठता की शिपाई उठवतील?" साहेबांनी विचारलं.

हंबीरराव हलले नाहीत. बनूचं लग्न वैशाखात होतं. पेव रिकामं निघालं तर कडेगावला दिवस मावळायच्या आत कळलं असतं.

तेवढ्यात चंद्राबाई पदर सावरत भर अंगणात आली आणि नवऱ्याजवळ वाकली.

"आवं, उटा," ती त्यांना ऐकू जाईल इतपतच बोलली. "बघू द्या त्यास्नी. रिकामं दिसलं तर रेशनच्या कारडावर चार दानं तरी मिळत्याल."

पदर धरलेल्या तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. हंबीररावांनी त्यांच्याकडं बघितलं आणि ते उठले.

शिळा सरकली. भरलेलं पेव उघडलं की आंबूस, ऊन वाफ तोंडावर येते. यातून गार हवा आली. हंबीररावांनी चटकन मागं पाहिलं. गर्दी लांब होती. गावापैकी जवळ फक्त शेजारचा ज्ञानू होता, आणि साहेबांनी त्यालाच आत उतरायला सांगितलं.

ज्ञानू कंदील घेऊन दोराला धरून उतरला. हंबीरराव पटक्याचा शेव बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते.

"सायेब, हितं काय न्हाई," अखेर खालून आलं.

ज्ञानू वर आला. त्याच्या खांद्यावर कोळिष्टकं लोंबत होती, फार दिवसांची. ती त्यानं शिपायाकडं पाठ करून झटकली, एकवार हंबीररावांच्या तोंडाकडं पाहिलं आणि गर्दीला ऐकू जाईलसं म्हणाला,

"लय पोचलेलं हायसा, आबा. आदीच हलीवलं व्हय?"

गर्दी खदखदा हसली. सरकारला चकवणारा माणूस आपल्या गावचा आहे, या विचारानं पुष्कळांची छाती फुगली. बनूच्या सासऱ्यानं नशीब काढलं, असंही मत पडलं. हंबीररावांचा हात सवयीनं मिशीकडं गेला आणि अर्ध्यातून खाली आला. साहेबांनी कडब्याची गंजी उसकटली, न्हाणीची जमीन ठोकून पाहिली, आणि जाताना सगळ्यांदेखत बजावलं की, धान्य दडवणाऱ्या घराला कार्ड मिळणार नाही.

चंद्राबाई आत गेली. ज्ञानूचं हसू तेवढ्यावरच थांबलं.

दिवस मावळताना तो घोंगड्याखाली पोतं घेऊन आला. ओसरीच्या कोपऱ्यात ते ठेवून खाली बघत उभा राहिला.

"माजंबी तुमच्यासंगं दडवून ठिवा, आबा," तो म्हणाला. "उंदरं खात्यातच. कमी भरलं तर मी इचारायचो न्हाई."

"आमच्यात उंदरं ऱ्हायली न्हाईत," हंबीरराव म्हणाले.

"येत्याल," ज्ञानू म्हणाला आणि निघून गेला.

चंद्राबाईनं चूल पेटवली, आधण ठेवलं, पोतं आत ओढून सुतळी सोडली.

"जोंधळा हाय व्हय गं?" हंबीररावांनी ओसरीवरून विचारलं.

हुलगे होते. जोंधळा ज्ञानूच्या घरातही उरला नसावा.