वरच्या फळीवर ठेवलेली गोळ्यांची डबी

मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. माझं झाकण वाकलंय, कडांना गंज धरलाय. माझ्यात अजून थोड्या गोळ्या आहेत, पण त्या घेणारी या घरात उरली नाही.

मित्रांनो, कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या अंगावर निळी नक्षी होती. आधी माझ्यात खोकल्याच्या वड्या होत्या. त्या संपल्यावर मी या घरात बारीक खिळे सांभाळू लागले. घर लाकडी सामानाला पॉलिश करणाऱ्यांचं. खाली दुकान, वर दोन खोल्या. थोरला भाऊ पॉलिशचा हात मारायचा, धाकटा लाकूड घासायचा आणि धाकट्याची बायको खुर्च्यांच्या बैठका वेताने विणायची. तिला सगळे धाकटीच म्हणत. तिच्या विणीला कधी झोळ पडला नाही.

मग तिच्या बोटांचे सांधे सुजले. सकाळी चहाचा कपही धरवेना. डॉक्टरीणबाईंनी स्टिरॉइड सुरू केलं. आधी जास्त, मग कमी करत करत रोज एक लहानशी गोळी. त्या गोळ्यांसाठी धाकटीने मला खिळ्यांतून सोडवलं, उकळत्या पाण्याने धुतलं, उन्हात वाळवलं. पुढे कित्येक वर्षं न्याहारी झाली की ती माझं झाकण उघडायची. बोटं पुन्हा वेतावर धावू लागली. जावेला ती म्हणायची, "यात गोळ्या नाहीत ताई, माझे हात आहेत." पत्र्याच्या डबीचं याहून मोठं कौतुक कुणी करावं?

डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं आणि तिने ते घरी सगळ्यांना सांगितलंही होतं. फार दिवस बाहेरून गोळी मिळाली की शरीर स्वतःचं तसलं द्रव्य बनवायचं विसरतं. एरवी लहान गोळीवर भागतं. पण जंतुसंसर्ग झाला, ताप आला, की शरीराला ते जास्त लागतं. तेव्हा गोळी बंद करायची नाही, उलट डॉक्टरांना विचारून काही दिवस वाढवायची. उलट्या होऊन गोळी पोटात टिकेना, तर लगेच इस्पितळ गाठून इंजेक्शन घ्यायचं. सगळ्यांनी माना हलवल्या आणि आपापल्या कामाला लागले.

एका हिवाळ्यात तिला ताप भरला, छातीत कफ झाला. धाकटा कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून जंतू मारायचं औषध घेऊन आला. आणखी काही चालू आहे का, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं होतं. "तसं विशेष काही नाही," असं हा सांगून आला. रोजची गोळी त्याच्या लेखी औषधच नव्हती.

पॉलिशच्या धंद्यात एक शिस्त असते. पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा मारायचा नाही, नाहीतर फोड येतात. थोरल्याने तीच शिस्त धाकटीच्या पोटाला लावली.

"एक औषध मुरू दे अंगात. त्याच्यावर दुसरं चढवलं तर दोन्ही वाया जातील."

"भाऊजी, ही गोळी बंद करायची नसते. बाईंना फोन तरी लावा."

"या गोळ्यांनीच अंगातली ताकद जाते, म्हणून तर ताप आला. सगळं जग सांगतंय."

"जगाला माझे सांधे आहेत का?"

जाऊ हसली. "तापातही जीभ शाबूत आहे हिची. होईल बरी."

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "ऐकू या ना दादाचं. ताप उतरला की घे परत."

तिच्या हाताला लागू नये म्हणून जावेने मला वरच्या फळीवर ठेवलं. मायेनेच ठेवलं, तेच मला पचत नाही. वैऱ्याने ठेवलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते.

पुढे धाकटीला उलट्या सुरू झाल्या. पोटात कळा येत होत्या, उठून बसलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. तिने फळीकडे बोट दाखवलं. "औषधाची उष्णता आहे," असं म्हणून जावेने साखरपाणी पाजलं. तेही उलटून पडलं. दुपारी हाका मारल्या तर ती नुसती हुंकारली. मग मात्र सगळ्यांची पळापळ झाली.

इस्पितळात रोजची औषधं मागितली, म्हणून धाकट्याने मला खाली काढून नेलं. डॉक्टरांनी झाकण उघडलं.

"ही कधीपासून बंद आहे?"

"ताप आल्यापासून."

"बंद करायला कुणी सांगितलं?"

इंजेक्शन दिलं, सलाईन लावली. उशीर झाला होता. धाकटी घरी आली नाही.

भेटायला आलेल्यांना थोरला सांगायचा, "गोळ्यांनी खाल्लं तिला." ज्याने डॉक्टरांचा प्रश्न आपल्या कानांनी ऐकला, तो धाकटा शेजारी बसून मान डोलवायचा.

आज गल्लीतला शिंपी स्टूल न्यायला आला होता. त्याची आई अशीच गोळी घेते आणि तिला ताप आहे. थोरला म्हणाला, "आधी ती गोळी बंद करा. आमचं काय झालं ते बघितलंत ना?" शिंपी स्टूल इथेच टाकून घाईने घरी गेला. धाकटा लाकूड घासत राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी डबी असेल, तर तापात तिचं काय करायचं ते माणूस धडधाकट असतानाच डॉक्टरांना विचारून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा डबी दाखवा. आणि आजारी माणूस स्वतःच्या औषधाबद्दल काही सांगत असेल, तर तापात बरळतोय म्हणून हसू नका.

शिंप्याचं घर इथून चौथं आहे. मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत.