लाल दिव्यातला दादा

चालू

मैदानात गाड्यांची रांग लागली होती आणि प्रत्येक गाडीच्या डॅशबोर्डवर तोच लाल दिवा पेटलेला होता. नखाएवढा, बॅटरीचं चित्र असलेला. त्या नखाएवढ्या दिव्यापायी माणसं सकाळपासून उन्हात ताटकळत होती.

ज्योतबाबा एका पांढऱ्या गाडीपुढे थांबले. बॅटरीवाल्यानं बॉनेट उघडलं आणि वर काळं कापड अंथरलं. हा बॅटरीवाला म्हणजे बाबांचा पहिला भक्त. गावातल्या निम्म्या गाड्यांना नवी बॅटरी त्यानंच बसवलेली, आणि दिवा पेटल्यावर बाबांचा पत्ताही त्यानंच दिलेला.

"आत्मा म्हणजे काय?" बाबांनी विचारलं.

"करंट," गर्दी म्हणाली. पाठ होतं सगळ्यांना.

"देह म्हणजे काय?"

"डबा."

"डबा बदलला की करंट बावरतो. जुन्या बॅटरीत कुणाचा तरी जीव सवयीनं गुंतलेला असतो. तुम्ही ती फेकून देता, मग त्यानं बसायचं कुठे? तो दिव्यात येऊन बसतो. आता पाठ फिरवा. जाणाऱ्याला जित्याचं तोंड दिसलं, तर त्याचा पाय निघत नाही."

सगळ्यांनी पाठ फिरवली. वकिलांनी फिरवली, बँकेच्या साहेबांनी फिरवली, शाळेच्या हेडमास्तरांनी तर डोळेही मिटले. कापडाखाली हात गेला. मंत्र झाला, त्यात "व्होल्ट" हा शब्द दोनदा आला. मग गाडी बंद करून पुन्हा चालू केली आणि दिवा गेलेला.

गर्दीनं हात जोडले.

रांगेत पुढची गाडी दादाची होती. तिच्या दाराशी वहिनी उभी होती, हातात किल्ली. ती किल्ली आज बाबांच्या पायाशी ठेवायची, असं ठरलेलं. वहिनीशेजारी तिची नणंद, दादाची बहीण. दवाखान्यातली कंपाउंडरबाई. तिनंही पाठ फिरवली होती. मात्र तिच्या चेहऱ्यावर जे होतं ती भक्ती नव्हती, आणि पाठ फिरवल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही.

बंद

दादा याच गाडीतून गावातल्या मुलांना शाळेत पोहोचवायचा. एका सकाळी शेवटचं मूल फाटकातून आत गेलं आणि दादानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. ते पुन्हा वर झालं नाही.

वहिनीनं डोळे पुसले आणि गाडी शिकली. घर त्या गाडीवरच चालत होतं. पोरं पुन्हा मागच्या सीटवर भांडू लागली. सगळं कसंबसं मार्गी लागत होतं, आणि बॅटरी उतरली. नवी बसवली. दुकानातून बाहेर पडते न पडते तोच दिवा पेटला.

"ताई, बॅटरी तर कोरी करकरीत आहे," बॅटरीवाला म्हणाला. "गाडी चालतेय ना झकास? मग हे मशिनचं काम नव्हे. हे दुसरंच काहीतरी आहे."

बाबांनी दिव्याकडे पाहिलं, डोळे मिटले, आणि चारचौघांत दादाच्या तोंडचं बोलू लागले.

"तो म्हणतोय, सकाळी मी धड जेवलोही नव्हतो. तू घाई केलीस. शाळेला उशीर होतोय म्हणालीस आणि मला घराबाहेर काढलंस."

वहिनी जागच्या जागी बसली. हे तिच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून तिनं गाडीला हात लावला नाही. "मेलेला माणूस बसलाय त्या गाडीत," हे आयांच्या कानावर गेलं आणि पोरं एकेक करून दुसरीकडे गेली. मग बाबांनी उपाय सांगितला. गाडी आश्रमात सोडा. तो सुटेल.

"देऊन टाकते, वन्सं," वहिनी म्हणाली. "मी घाई केली होती. खरंच केली होती."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं का?"

"नाही हो. कुणाला सांगणार?" मग आठवून, "बॅटरी बसवत होता तेव्हा मी स्टुलावर बसले होते. तो सहज विचारत होता, साहेब कसे गेले म्हणून. तेवढंच."

कंपाउंडरबाईनं हातातला कप खाली ठेवला. हळूच ठेवला. आदळला असता तर राग थोडा कमी झाला असता, आणि तिला तो कमी करायचा नव्हता.

तपासणी

दवाखान्यात डॉक्टर प्रत्येकाला जे विचारतात, तेच तिनं दादाच्या गाडीला विचारलं.

काय होतंय? लाल दिवा.

कधीपासून? बॅटरी बदलल्यापासून.

त्याआधी होता? नाही.

मग त्या दिवशी हात कुणी लावला? मेलेल्यानं, की जित्यानं?

डॉक्टरांची गाडी याच जातीची. दुपारी दवाखान्याच्या मागं तिनं दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून बॉनेटं उघडली. बॅटरीच्या काळ्या टोकावर दोन्हीकडे एक चपटी डबी होती. बॅटरीत किती भरलं, किती गेलं, हे ती डबी गाडीला कळवते. डॉक्टरांच्या गाडीत त्या डबीत एका बारीक वायरीचा प्लग बसलेला होता. दादाच्या गाडीत तोच प्लग काढून मागं दडपलेला, सहज नजर जाणार नाही असा.

तिनं प्लग लावला. गाडी बंद करून पुन्हा चालू केली. दिवा गेला.

काढला. दिवा आला.

लावला. गेला.

तिचा दादा असा येत-जात राहिला. अंगठ्याच्या नखानं.

इथं घरी जाता आलं असतं. वहिनीला दाखवून, रडून, चहा पिऊन विषय संपला असता. पण ज्यानं तिच्या भावाच्या तोंडात शब्द घातले होते, तो उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी भावाला बोलायला लावणार होता. दिवा विझला होता. बाबा अजून पेटलेला होता.

तिनं प्लग पुन्हा काढून होता तिथे दडपला. मग कपाटातून बाटली आणली. तोंड आलं की जिभेला लावतात ते जांभळं औषध. वाळू नये म्हणून त्यात ग्लिसरीन मिसळलं, कापसानं प्लगला सगळ्या बाजूंनी नीट, प्रेमानं माखलं. काळ्या प्लगवर ते काळंच दिसत होतं. बोटाला लागलं की मात्र साबणाच्या बापानंही निघत नाही.

चालू

"किल्ली ठेव, बाळ," बाबा म्हणाले.

"ठेवते की," कंपाउंडरबाईनं वहिनीचा हात धरला. "पण आमचा माणूस शांत झाला हे एकदा डोळ्यांनी बघू दे, बाबा. दिवा विझवा, मग किल्ली तुमचीच."

बॅटरीवाल्यानं बाबांकडे पाहिलं. गर्दी म्हणाली, विझवा, विझवा.

"तुम्ही आत कशाला हात लावता का हो?" बाईनं अगदी भाबडेपणानं विचारलं. "गरम असतं ना आत. भाजेल."

"हात कशाला? आम्ही फक्त दृष्टी लावतो."

"मागच्या लोकांना ऐकू आलं नाही, बाबा."

"फक्त दृष्टी," बाबा मोठ्यानं म्हणाले. "त्या यंत्राला आमचं बोटही लागत नाही."

कापड पसरलं. पाठी फिरल्या. व्होल्टचा मंत्र झाला. दिवा गेला, मैदानात जयजयकार झाला आणि ज्योतबाबांनी आशीर्वादासाठी उजवा हात उंच केला.

अंगठा जांभळा. दोन बोटं जांभळी. तळव्यावर एक ओघळ.

जयजयकार मधेच तुटला.

"हात असाच वर ठेवा," कंपाउंडरबाई म्हणाली. "दृष्टी फार रंगलीय तुमची."

तिनं काळं कापड ओढून खाली टाकलं आणि जांभळा प्लग सगळ्यांना दाखवला. काढला, लावला. गाडी बंद, गाडी चालू. हेडमास्तर पुढे वाकून बघत होते, आता डोळे चांगले उघडे. रांगेतली बॉनेटं धडाधड उघडू लागली. प्रत्येक गाडीत एक प्लग मागं दडपलेला. बॅटरीवाला स्कूटरकडे सरकला, पण तिच्यावर एक टेम्पोवाला आधीच ऐसपैस बसलेला होता.

"याला तुडवा रे," कुणीतरी म्हणालं.

"बोट लावू नका," बाई म्हणाली. "मार खाल्ला की त्याची दया येईल तुम्हाला. मला नकोय ती."

तिनं बाबांना रांगेतून चालवलं. एकेका गाडीपाशी.

"हा कोण बसलाय दिव्यात?"

"वायर," बाबा पुटपुटले.

"मागच्यांना ऐकू येत नाही."

"वायर."

"लावा ती."

पुढची गाडी. पुन्हा तेच. कुणाचा सासरा वायर निघाला, कुणाची आई. लोक हसत होते, पण प्रत्येक जण आपली गाडी येईपर्यंतच. शेवटी तिनं त्यांना वहिनीपुढे आणून उभं केलं.

"माझा दादा काय म्हणाला त्या सकाळी?"

"मला नाही माहीत."

"मग कुणी सांगितलं तुम्हाला?"

जांभळं बोट बॅटरीवाल्याकडे वळलं.

वहिनीनं पदर खोचला. ती पुढे आली. बाबांनी डोळे मिटले, थोबाडीत बसणार म्हणून.

"ते काहीही म्हणाले नव्हते," वहिनी म्हणाली. "मोजे शोधत होते. मीच शोधून दिले."

मग ती गाडीत बसली, आरसा आपल्या उंचीला लावला आणि निघून गेली. नणंदेला तिथंच विसरून.

बंद

तो रंग पुष्कळ दिवस टिकला. बाबा खिशात हात घालून फिरत, आणि मग फिरेनासे झाले. कंपाउंडरबाईनं बाटली पुढच्या फळीवर ठेवली आहे, सहज हाताशी येईल अशी.

पोरं परतली. एका दुपारी दवाखान्यातला फोन वाजला.

"वन्सं, दिवा लागलाय."

बाईनं विचारलं, "मग?"

"मग काय? या वेळी प्लग जागेवर आहे. बॉनेट उघडून बघितलं, इंजिनचा पट्टा सैल पडलाय, त्यानं बॅटरी भरत नाहीये. गॅरेजात आणलीय. पोरांच्या आयांना तेवढं कळवा, जरा उशीर होईल म्हणून."

दिवा लागतो तो काहीतरी बिघडलंय हे सांगायला. काय बिघडलंय, ते बॉनेट उघडून, डोळे उघडे ठेवून पाहायचं असतं. आणि जो कुणी म्हणेल की पाठ फिरवा, त्याचे हात आधी बघायचे.

"आणि वन्सं," वहिनी फोनवर म्हणाली, "त्यांना सांगा, मी घाई करणार नाहीये."