मेव्हणा नसलेला बातमीदार

मध्यंतरालाच येसूबाईंनी पदराने डोळे पुसले. पडद्यावरच्या तरुण बातमीदाराची नोकरी गेली होती, तरी तो बातमी मागे घेत नव्हता.

"असं काळीज पायजे," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

हौशीरामांनी खिशातला मोबाइल चाचपला. ते कान्हे गावचे वार्ताहर. सत्कार-उद्घाटनांच्या बातम्या देता देता केस पांढरे झालेले. एखाद्या मान्यवराचं नाव राहिलं, की तो सकाळी दारात उभा. आज मात्र त्यांच्या मोबाइलवर वेगळीच बातमी लिहून तयार होती. शाळेची नवी पाण्याची टाकी पहिल्यांदा भरली आणि तळातून फुटली. ठेकेदार पप्पू, म्हणजे येसूबाईंचा धाकटा भाऊ. राखीपौर्णिमा तोंडावर आलेली.

सिनेमा संपला तेव्हा लोणावळ्यातलं ते सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. आयोजक मानसीने हौशीरामांना मंचावर बोलावलं.

"सगळीकडे याचं कौतुक चाललंय, काका. खऱ्या पत्रकाराला कसा वाटला?"

"चांगलाय. कौतुक बरोबर हाय," हौशीराम म्हणाले. "पन येवढी मोटी बातमी छापली, अन् सकाळी त्याच्या घरी कोनीच आलं न्हाई. त्याला गाव न्हाई, भावकी न्हाई. मेव्हणा तर न्हाईच. मेव्हणा असता तर पिच्चर इंटरवललाच संपला असता."

सगळे हसले. येसूबाई सोडून.

बाहेर स्कूटरपाशी त्यांनी विचारलं, "टाकीची बातमी पाठवली?"

"तुला कुनी सांगितलं?"

"पप्पूच्या बायकोनं. रडत हुती फोनवर."

"न्हाई पाठवली. तू म्हन, पुसून टाकतो."

येसूबाईंनी पदर खोचला. "टाकीखालीच पोरं हात धुत्यात न्हवं?"

"व्हय. रविवार हुता, म्हनून वाचली."

"मग पाठवा. पन नाव नगा घालू. 'संबंधित ठेकेदार' लिवा."

"पिच्चरमधी नाव घातलं हुतं."

"पिच्चरमधी त्याची बायको तरी कुटं दावली?" त्या फणकारल्या. मग स्कूटरवर मागे बसत हळूच म्हणाल्या, "घाला."

बातमी नावासकट छापून आली, तरी राखीपौर्णिमेला पप्पू आला. दाजींकडे न बघता पाटावर बसला, हात पुढे केला. ओवाळून झाल्यावर येसूबाईंनी नारळीभाताचं ताट आणलं.

"जेवून जा."

"टाकी पाडायचीय, आक्का. गडी खोळंबल्यात."

दारात तो थांबला. बाहेर भुरभूर होती. राखी भिजू नये म्हणून त्याने शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढली आणि निघून गेला.