चढ चढणारी गाडी

जुन्या गाड्यांच्या आवारात साठ-सत्तर माणसं श्वास रोखून उभी होती. इंजिन बंद, आत कुणी नाही, गिअर मोकळा. तरीही पांढरी गाडी सावकाश चढ चढत आली आणि एका बाईच्या पुढ्यात, आडव्या टाकलेल्या ओंडक्याला टेकून थांबली.

"लोखंडानं मालकीण ओळखली," गाडीबाबा खालून म्हणाले. ते चढाच्या पायथ्याशी, ऑफिसात असते तशा चाकांच्या खुर्चीत बसले होते. "लोखंडाला आत्मा असतो. माणसांचं मी सांगत नाही."

बाईचे डोळे भरून आले. सोमवारपासून गल्लीतली सात मुलं शाळेत नेण्याआणण्याचं काम तिला मिळालं होतं. अडलं होतं फक्त गाडीपाशी. म्हणून तर गवंडीकाम करणाऱ्या मामांना ती सोबत घेऊन आली होती.

"मामा, पाहिलंत? मलाच निवडलं."

"पाहिलं. आता ब्रेक बघू."

"नाही हं," दलाल आडवा आला. "निवडलेल्या गाडीचं बॉनेट उघडायचं नाही. संशयानं गाडी रुसते. मागच्या महिन्यात दूधवाल्यानं मनात शंका आणली. गाडी उतारावर थांबलीच नाही. पाय मोडला."

"गाडीचा?"

"दूधवाल्याचा."

लोक हळहळले. दूधवाल्याच्या पायासाठी नव्हे, शंकेसाठी.

मामांच्या कानशिलावरची शीर उडू लागली. पण त्यांना पहिला राग आला तो कुंपणाच्या भिंतीचा. तीस वर्षं विटा रचलेला माणूस. जमीन कशीही असो, विटांचा थर सपाट हवा. इथला प्रत्येक थर कललेला होता. मग त्यांना बाबांच्या खुर्चीच्या चाकाला लावलेली अर्धी वीट दिसली. ती चढाच्या बाजूनं लावली होती. चढाकडे घरंगळू नये म्हणून अटकाव कोण लावतं?

त्यांनी खिशातून ओळंबा काढला आणि भिंतीच्या खांबाशी धरला. दोरी सरळ लोंबली. खांब वीतभर बाजूला होता.

"भिंत मुद्दाम वाकडी बांधलीय," मामा म्हणाले. "आपण तिला सरळ धरून बघतो, म्हणून उतार चढासारखा दिसतो."

"ज्याच्या मनात वाकडं," बाबा डोळे मिटून म्हणाले, "त्याचा दोराही वाकडा."

मामांनी खुर्चीपाशी जाऊन, वाकून वीट काढली.

खुर्ची बाबांसकट चढ चढू लागली. बाबांनी पाय घासले, दलालाला हाका मारल्या, आत्म्याचं नाव काही घेतलं नाही. खुर्ची थेट भाचीपुढे येऊन ओंडक्याला धडकली.

"घे गं," मामा म्हणाले. "हेही तुलाच मिळाले. बॉनेट मात्र उघडू नकोस, रुसतील."

लोक हसले. भाची हसली नाही. तिनं पांढऱ्या गाडीचं दार उघडून ब्रेक दाबला. तो सरळ तळाला गेला. बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची बाटली कोरडी ठणठणीत. तिच्या डोळ्यांपुढे शाळेचा उतार आला आणि मागच्या सीटवरची सात डोकी.

"पण दूधवाल्यानं शंका घेतली होती ना?" गर्दीतले एक आजोबा चाचरत म्हणाले.

"कुठे घेतली?" भाची कडाडली. "मनात ठेवली. घेतली असती तर हे झाकण उघडलं असतं, आणि आज दोन पायांवर उभा असता. शंकेनं कुणाचा पाय मोडत नाही हो. ती गिळल्यानं मोडतो."

दलालानं हळूच वीट उचलून मागे लपवली.

"ती राहू दे तिथंच," भाची म्हणाली. "पोलिसांना दाखवायचीय. मामा, चला, आधी दूधवाल्याला घेऊन येऊ."