मेंदूतल्या निरोप्याची तक्रार

मी एक निरोप्या बोलतोय, आणि आधीच सांगतो, रागात आहे. तुमच्या भाषेत मी रेणू. डोळ्यांना दिसत नाही, भिंगालाही सहज सापडत नाही. माझा मुक्काम कोट शिवणाऱ्या एका बाईंच्या डोक्यात.

मेंदूतल्या एका पेशीच्या काठावर माझा जन्म झाला. पेशी कामाला लागली की मी काठावरून सुटायचं आणि शेजारच्या पेशींना सांगायचं, इथे काम चाललंय, जोडणी घट्ट करा. बस, एवढंच. आमच्या घराण्याने असे निरोप पोचवले म्हणून बाई सुईत दोरा ओवायला शिकल्या, गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरता असेल तर टेप न लावता ओळखायला शिकल्या. त्याचं श्रेय आम्हाला कोणी दिलं नाही. आम्ही मागितलंही नाही.

मग त्याच मेंदूत गाठ झाली. गाठीच्या पेशी काही परक्या नव्हेत, याच घरात वाढलेल्या आणि वाया गेलेल्या. दुसऱ्याच्या नावचा निरोप वाटेत हिसकावून त्या आपल्या सोयीचा अर्थ लावतात: वाढा, पसरा. मग मेंदूतल्या धाग्यांना धरून खुशाल पुढे सरकतात. आयत्या बिळावर नागोबा. सर्जननी गाठ काढली, पण आधीच पांगलेल्या पेशी मागे राहिल्याच; बाईंचा डावा हात हळूहळू दुबळा होत चालला. आणि बदनाम कोण? मी.

डॉक्टरबाईंनी घरच्यांना हे समजावलं, तेव्हा बाईंचे थोरले भाऊ खुर्चीच्या टोकावर बसले होते. "मेंदू काम करतो तेव्हा हे रेणू सुटतात, आणि गाठीला तेच खाद्य मिळतं," एवढं कानावर पडलं आणि दादा उठलेच. पुढचं ऐकायला थांबले नाहीत.

घरी आल्या आल्या कात्री माळ्यावर गेली. रेडिओ बंद, वर्तमानपत्र बंद.

"तू फक्त पडून राहा. डोकं चालवायचं नाही."

"अरे दादा, लेकीचा कोट कापायचाय. डावा हात ऐकतोय तोवर कापू दे."

"कोट दुकानात मिळतात. बहीण मिळत नाही."

बोलणं मायेचं होतं, म्हणून तर कोणाला उलटून बोलता येईना. मला मात्र संताप आला. अहो, पडून राहिलं की डोकं थांबतं का? बाई छताकडे बघत मनातल्या मनात कॉलर बसवायच्या, पुन्हा उसवायच्या, भावाला चार शब्द सुनावायच्या, लेकीची काळजी करायच्या. मी सुटतच होतो. गाठीच्या ताटातला एक घाससुद्धा दादांनी कमी केला नाही. राहिला तो फक्त कोट.

शेवटी सुट्टी काढून लेक आली. आईला तशी पडलेली बघून तिने मामांसमोरच डॉक्टरबाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अहो, काम बंद करा असं मी म्हटलंच नव्हतं," पलीकडून आवाज आला. "हे उंदरांमध्ये दिसलंय, म्हणून त्यावर औषध शोधतायत. रेणूला अडवायचं ते औषध अडवेल. आईंना हवं ते करू द्या."

"मग तेव्हाच नीट सांगायचं ना," दादा म्हणाले.

"सांगतच होते. तुम्ही दाराबाहेर गेला होतात."

कात्री खाली आली. पण तोवर डाव्या हाताची पकड गेली होती. उजवा हात कापायला तयार, आणि डाव्याखालून कापड निसटायचं. दोनदा निसटलं. मग दादांनीच पुढे होऊन दोन्ही तळव्यांनी ते मेजावर दाबून धरलं.

"सरकवू नकोस हं," बाई म्हणाल्या.

"नाही सरकवत." त्यांनी मान वर केली नाही.

आत्ता बाहीचा गोल कापणं चाललंय. मी काठावरून सुटतोय. एका बाजूला तो गोल सांभाळणारी पेशी आहे, दुसऱ्या बाजूला गाठीची पेशी आ वासून बसलीय. कोणाला सापडेन ते मला ठाऊक नाही. औषध शोधणाऱ्यांनो, त्या चोरांच्या दाराला कडी घाला. वाटल्यास मलाही वाटेत धरा, मी हूं की चूं करणार नाही. पण घरच्यांनो, माझ्या नावाखाली माणसाला कोंडू नका. बाईंचा हात गाठीने नेला, हे खरं. त्या हाताचे शेवटचे चांगले दिवस मात्र तुम्ही नेलेत.