भोंग्याची सुनावणी

स्वतःचं म्हणून बोलायची वेळ दुभाषीवर दिवसातून फार थोडी यायची. बसमध्ये 'जरा सरकता का', उपाहारगृहात 'चहात साखर कमी', एवढंच. बाकी दिवसभर ती 'मी' म्हणायची तेव्हा तो 'मी' दुसऱ्याच कुणाचा तरी असायचा. सुनावणीच्या कामाची रीतच तशी आहे. ऐकू न येणारा माणूस हातांनी सांगतो आणि दुभाष्याने 'हे असं म्हणतात' वगैरे मध्ये न घालता सरळ त्याच्या जागी उभं राहून बोलायचं. एक दिवस ती गुडघे गेलेली निवृत्त नर्स असायची आणि पेन्शनीचं वय खाली आणा म्हणायची. दुसऱ्या दिवशी औषधाच्या बाटलीवरचा इशारा मोठ्या अक्षरांत छापा म्हणून टेबलावर मूठ आपटणारा एखादा तापट म्हातारा. संध्याकाळी घरी तोंड धुताना क्षणभर तिला आठवावं लागायचं की आज घरी आलंय कोण. त्याचं तिला वाईट वाटत नसे. पाण्यावर उताणं पडून वाहत जावं तसं हलकं वाटायचं, आणि किनाऱ्याची तिला घाई नव्हती.

ही सवय तिला नोकरीने लावली नव्हती, ती लागली होती बाळपणीच. तिचे आई आणि वडील दोघेही जन्मापासून बहिरे. घरात आवाज काय तो भांड्यांचा आणि हिचा. सहा वर्षांची असताना टाचा उंचावून ती डॉक्टरांना गंभीरपणे सांगायची, "मला तीन दिवस पोट साफ होत नाही. मला तंबाखू सुटत नाही." कंपाउंडर हसून हसून लोळायचा. आई गेली आणि घरात बोलणारे हात चारच उरले.

बाप कापडगिरणीत विणकर होता, मिसरूड फुटायच्या आधीपासून मागावर. आणि आज सुनावणी त्याच्याच गिरणीसारख्या गिरण्यांची होती. सुरक्षेचा नवा नियम येऊ घातला होता. धोक्याचा भोंगा ज्याला ऐकू येत नाही त्याने यंत्रांच्या दालनात उभं राहायचं नाही, त्याला तब्येतीच्या कारणावरून पूर्ण पेन्शन देऊन सन्मानाने घरी बसवायचं. सन्मानाने हा शब्द मसुद्यात दोनदा आला होता. ज्याला घालवायचं असतं त्याच्यासाठी सरकारजवळ सन्मानाचा साठा नेहमीच भरपूर असतो.

बाप नियमाच्या विरुद्ध साक्ष द्यायला आला होता. नात्यातल्या माणसाने दुभाषेपण करू नये असा संकेत आहे, पण दुसरा दुभाषी तापाने फणफणला होता. समितीच्या अध्यक्षबाईंनी दोन्ही बाजूंना विचारलं, कुणाचीच हरकत नव्हती. हरकत असायला हवी होती ती खुद्द दुभाषीची. कारण तिला मनातून तो नियम हवा होता. बापाचा खोकला दिवसेंदिवस खोल चालला होता. 'आता घरी बस' हे तिने इतक्या वेळा सांगितलं होतं की तिची बोटं झिजायची बाकी होती. बाप दर वेळी हात हवेत हलवून 'बघू' म्हणायचा. खुणांच्या भाषेत अहो-जाहो नसतं, समोर बोट केलं की झालं, त्यामुळे भांडण कसं बरोबरीचं व्हायचं. तरी तिने ठरवलं होतं, काम ते काम. तो म्हणेल ते इथे बोलायचं आणि घरी गेल्यावर भांडायचं.

दुपारच्या जेवणानंतरची ती वेळ. उंच खिडक्यांच्या पडद्यांतून पिवळसर उजेड आत झिरपत होता. समितीतले एक सदस्य डोळे मिटून विचार करत होते, आणि विचार इतका गाढ होता की त्यांची मान मधूनच खाली पडायची. लघुलेखिकेची बोटं यंत्रावर टिकटिकत होती. मागच्या बाकांवर गिरणीतली माणसं पहिली पाळी संपवून तशीच आली होती, केसांत कापसाचं तूस घेऊन. टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत, अशी ताकीद त्यांना दारातच मिळाली होती आणि ती बिचारी अगदी चिडीचूप बसली होती. त्यांचे हात मांडीवर चुळबुळत होते. दुभाषीला वाटलं, कामाची सवय असलेले हात, रिकामे बसवत नाहीत.

आधी गिरणीचा सुरक्षा अधिकारी बोलला. माणूस वाईट नव्हता. "उद्या कुणाचा हात यंत्रात गेला तर तुम्हीच मला विचाराल, भोंगा वाजला तेव्हा हा माणूस तिथे उभा कसा?" असं तो म्हणाला, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग बाप उठला. साक्षीदारासमोर त्याची वेळ दाखवणारा एक छोटा दिवा असतो. तो हिरवा झाला. बापाने हात वर घेतले आणि दुभाषी नेहमीसारखी स्वतःतून बाहेर पडली.

"मी विणकर आहे," ती म्हणाली. "भोंग्याचं म्हणाल तर माग चालू असताना तो आमच्यात कुणालाच ऐकू येत नाही. साहेबांनाही येणार नाही. आम्ही दिवे मिचकावतो आणि जवळचा माणूस खांद्यावर थाप मारतो."

सुरक्षा अधिकाऱ्याने काहीतरी लिहून घेतलं. अध्यक्षबाई पुढे झुकल्या. "ते बघता येईल. पण मला एक सांगा, पेन्शन पूर्ण मिळतेय. लोक त्यासाठी देव पाण्यात घालून बसतात. तुम्हाला घरी बसायचं का नाही?"

दुभाषीने प्रश्न हातांनी बापापर्यंत पोचवला. मग त्याचे हात सावकाश निघाले, इतके सावकाश की दुभाषीला वाटलं, आपणही त्यांच्याबरोबर कुठेतरी आत आत चाललोय.

"दालनाचं दार उघडलं की आत सगळेच बहिरे होतात," ती म्हणत होती. "कापसाचं तूस वरून हळूहळू पडत असतं आणि मागांच्या दणदणाटात तोंडाने बोलून काही उपयोग नसतो. म्हणून सगळे हातांनी बोलतात. नवा माणूस आला की आठवडाभरात शिकतो, नाहीतर उपाशी मरेल. तिथे चहाड्या होतात, भांडणं होतात, लग्नं जुळतात. या टोकाला कुणी विनोद केला की तो मागामागून सरकत त्या टोकाला जातो आणि हसू परत येतं. मला सगळं कळतं. माझेही विनोद चालतात. पाळी संपली की आम्ही बाहेर येतो, आणि दारात मी पुन्हा बहिरा होतो. ते होत नाहीत."

तिचा आवाज तिलाच लांबून ऐकू येत होता. ते पांढरं तूस तिला दिसत होतं, त्यातून पोहत गेल्यासारखे हलणारे हात दिसत होते. ती त्या दालनात कधीच गेली नव्हती. 'आवाजाने तुझे कान जातील' म्हणून बापाने तिला फाटकाच्या आत कधी येऊच दिलं नाही. इतकी वर्षं तिची समजूत, की बाप दिवसभर यंत्रापाशी मुका उभा असतो आणि संध्याकाळची वाट बघतो, तिची वाट बघतो. आणि इथे एक अख्खं गाव त्याच्याशी गप्पा मारत होतं. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला तो मत्सर.

"माझी मुलगी फार गुणी आहे," बापाच्या हातांनी सांगितलं आणि तिला स्वतःविषयी ते म्हणावं लागलं. "लहानपणापासून ती माझं तोंड झाली. शाळेतून हिची तक्रार आली तरी ती मला सांगायला हीच. मास्तर चांगली दहा मिनिटं ओरडले आणि हिने मला सांगितलं, मास्तर म्हणतात मुलगी हुशार आहे."

सगळे हसले. डोळे मिटलेले सदस्यही जागे होऊन हसले. दिवा पिवळा झाला. बाप हसला नाही.

त्याचे हात पुन्हा उठले. 'पण मला एक जागा हवी होती, जिथे मला ती लागणार नाही.'

दुभाषी गप्प झाली. लघुलेखिकेची बोटं यंत्रावर अधांतरी थांबली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. आणि मग दुभाषीच्या हातून तिच्या उभ्या नोकरीत झाली नव्हती अशी चूक झाली. तिने बापाला उत्तर दिलं.

'हे मी बोलणार नाही,' तिचे हात म्हणाले.

'बोल.'

'आधी खोकल्याचं सांग यांना.'

'खोकला माझा आहे. सांगायचा की नाही ते मी ठरवीन.'

चारचौघांत भांडायची दोघांना जुनी खोड होती. बसमध्ये, दुकानात, लग्नाच्या पंगतीत बापलेक हातवारे करून कडाकडा भांडायचे आणि आसपासच्यांना कानोकान खबर नसायची. हातांनी बोललेलं म्हणजे घराचं दार लावून बोललेलं, असं तिच्या मनात पक्कं बसलं होतं. इथेही दार लावलेलंच आहे असं तिला वाटलं.

मागच्या बाकावरून एक बाई उठली. दणकट मनगटांची, बापाच्या शेजारच्या मागावर काम करणारी. दालनातले सगळे तिला वहिनी म्हणत. कुणाची वहिनी ते आता कुणालाच आठवत नव्हतं.

"अध्यक्षबाई, ते दोघं बोलतायत," ती गिरणीतल्या माणसाच्या सवयीने खणखणीत ओरडली. "तुमच्या कागदावर त्यातलं काहीच येईना."

"तुम्हाला कळतंय ते?"

"न कळायला काय झालं? आम्हाला सगळ्यांनाच कळतंय. मघापासून मान खाली घालावी की बघत बसावं, तेच समजेना झालंय."

दुभाषीने वळून पाहिलं. बाकांवरचे सगळे चेहरे तिच्याकडे होते, थोडे ओशाळलेले. मांडीवरचे ते चुळबुळणारे हात आता स्तब्ध होते. तिचे कान तापले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"साक्ष अर्धी सोडता येणार नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "या बाईंनी सांगितलेलं तुम्हा दोघांना चालेल का?"

बापाने मान डोलावली. मग सगळ्यांनी दुभाषीकडे बघितलं. तिलाही डोलवावी लागली.

दालनात निरोप मागामागून जातो तो ज्याचा त्याच्या शब्दांत. वहिनीला दुसरी रीत ठाऊकच नव्हती. बापाचं ते वाक्य तिने तसंच्या तसं खणखणीत म्हटलं. "मला एक जागा हवी होती, जिथे मला ती लागणार नाही." मग ती दुभाषीच्या हातांकडे बघत उभी राहिली.

दुभाषीला हात खालीच ठेवता आले असते. कुणी जबरदस्ती केली नसती. पण ते उठले.

"मी दिवसभर लोकांचं बोलते," वहिनी म्हणाली. तिचा आवाज आता थोडा उतरला होता. "संध्याकाळी तू विचारतोस, कशी आहेस. तेवढंच काय ते माझं बोलणं. तू खोकतोस आणि मी भिंतीपलीकडे जागी असते. तुला काही झालं तर माझं मी कुणाशी बोलू? मला भीती वाटते, बाबा. मला फार भीती वाटते."

त्या उंच, पिवळ्या खोलीत तो 'मी' एका परक्या, घोगऱ्या आवाजात फिरला आणि दुभाषीपाशी आला. आजवर शेकडो माणसांसाठी तिने 'मी' म्हटलं होतं. तिच्यासाठी कुणी कधी म्हटलं नव्हतं. स्वप्नात आपण आपल्यालाच रस्त्याच्या पलीकडे उभं दिसावं तसं तिला झालं, आणि त्या पलीकडच्या बाईची तिला अशी काही दया आली की ती सगळ्यांसमोर रडायला लागली.

दिवा केव्हाचा लाल झाला होता. "कुणीतरी बंद करा तो," अध्यक्षबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "खोकला आहे का, ते मात्र मला विचारावं लागेल. तूस छातीत जातं, तोही या समितीचाच विषय आहे."

वहिनी हात उचलणार, तोच दुभाषीने तिला थांबवलं. तिने डोळे पुसले, नाक ओढलं, जागेवर नीट उभी राहिली आणि प्रश्न बापाला विचारला. तो नाही म्हणाला असता तर 'नाही' बोलायची तिची तयारी होती.

"आहे," ती बापाच्या जागेवरून म्हणाली. "रात्री येतो. पण मी उशीत तोंड खुपसून खोकतो. म्हणजे आवाज होत नाही."

एवढं सांगून बाप तिच्याकडे वळला. आता तो समितीशी बोलत नव्हता. "होतो का आवाज?" त्याने विचारलं, आणि तिने तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

उत्तर द्यायला मात्र तिने हातच वापरले. 'होतो, बाबा. रोज होतो. खूप मोठा होतो.'

वहिनीने तोंड उघडलं आणि मिटलं. बापाने स्वतःच्या तळव्यांकडे बघितलं.

अध्यक्षबाईंनी पुढची तारीख दिली. भोंग्याऐवजी दिव्यांचं काय करता येईल ते सुरक्षा अधिकाऱ्याने त्या दिवशी मांडायचं, आणि तोवर बापाने छाती तपासून घ्यायची. तपासणीत काय निघेल त्यावर त्याचं मागावर राहणं ठरणार होतं, ते त्यांनी लपवलं नाही. "डॉक्टरांकडे बोलायला सोबत कोण जाईल?" त्यांनी विचारलं.

दुभाषीचा हात सवयीने वर गेला. मग तिने तो खाली घेतला आणि मागच्या बाकाकडे दाखवला. "बोलायला वहिनी जातील."

"तुम्ही नाही जाणार?"

"जाणार ना. मी नुसती शेजारी बसेन."

काय ठरलं ते वहिनीने लांबूनच बापाला हातांनी सांगितलं. तो ऐकत होता, म्हणजे बघत होता, आणि त्याची मान हळूहळू हलत होती. मग तो बाकावर बसला आणि थोडा सरकला. दुभाषी आपली जागा सोडून, अध्यक्षबाईंना न विचारताच, त्याच्याजवळ जाऊन बसली.